राजकुलांतील आप्तविवाह

मध्ययुगीन राजवंश चालविण्याचे काही खेळ अलीकडे संगणकावर निघाले आहेत. स्वीडनमधील एका मंडळीने २००४ साली काढलेला 'क्रुसेडर किंग्ज' आणि त्याच्या २०१२ व २०२० सालच्या पुढील आवृत्त्या यांचा बोलबाला त्यांत विशेष आहे. बुद्धिबळातील राजाला ना बायको, ना मुलेबाळे. या खेळातील राजाला दोन्ही असतात, शिवाय भाऊबंद, मेहुणे, भाचे असतात आणि अखेरीस मरणही असते. खेळणारा एका राजाचा धनी नसून एका कुळाचा धनी असतो. राजा मेला की वारसाच्या रूपाने डाव पुढे चालू राहतो. तलवारीने जे मिळत नाही ते लग्नाने मिळते, हे त्याच्या लौकरच ध्यानी येते. मग मिळालेले घरातच राहावे म्हणून तो चुलत-मामे भावंडांचीच लग्ने लावू लागतो. आणि दोन-चार पिढ्यांनी त्याच्या राजवाड्यातील पाळण्यात दुर्बळ व व्यंग असलेली संतती दिसू लागते. धर्माधर्मांतील विवाहनियमही खेळकर्त्यांनी चार पायऱ्यांत बसविले आहेत: जवळचे सर्व नाते वर्ज्य, भावंडांच्या मुलांस मुभा, मामा-भाची, काका-पुतणी यांसही मुभा, आणि शेवटी कसलेच बंधन नाही.

खेळ म्हणून ही योजना चतुराईची आहे. परंतु इतिहासाचा अभ्यास करणाऱ्यास तीतून एक प्रश्न सुचतो. नियम पुस्तकात लिहिलेला असणे आणि तो राजवाड्याच्या दारातून आत जाणे या दोन गोष्टी एक आहेत काय? युरोपातील राजांचे विवाह त्यांच्या धर्मपीठाच्या नियमांनी खरोखर बांधले गेले होते, की ते नियमच राजांच्या सोयीप्रमाणे वाकत गेले? या प्रश्नाचे उत्तर आम्ही येथे शोधणार आहो.

प्रथम नियम पाहू. नाते मोजण्याच्या युरोपात दोन रीती होत्या. रोमन कायद्याच्या रीतीत एका व्यक्तीपासून समान पूर्वजापर्यंत वर चढावयाचे व तेथून दुसऱ्या व्यक्तीपर्यंत खाली उतरावयाचे. या मोजणीने सख्ख्या चुलत भावंडांचे अंतर चार पायऱ्यांचे होते. धर्मपीठाने अकराव्या शतकात दुसरी रीत कायम केली. तीत केवळ एका बाजूच्या पिढ्या मोजावयाच्या, म्हणजे त्याच भावंडांचे अंतर दोनच पायऱ्यांचे ठरते. विवाहाची बंदी मात्र सातव्या पायरीपर्यंत तशीच ठेवली. सात पिढ्या वर गेले असता प्रत्येक मनुष्यास १२८ पूर्वज असतात. त्यांपैकी एकही दोघांत समान निघाला तर विवाह निषिद्ध! आपल्याकडील सापिंड्याची मोजणी पित्याकडून सात व मातेकडून पाच पिढ्यांची आहे, हे वाचकांस ठाऊकच आहे. युरोपीय नियम मातृकुलासही तितकाच लागू असल्यामुळे तो याहूनही कडक होता.

या निषेधाची कारणे शास्त्रीय नव्हती. आनुवंशाचे नियम मेंडेलने १८६६ साली छापले, आणि त्यांचे महत्त्व जगास पटावयास पुढील शतक उजाडावे लागले. संत ऑगस्टीनने दिलेले कारण सामाजिक होते: विवाहाने प्रेमाचा विस्तार व्हावा, ज्यांच्याशी रक्ताचे नाते आहेच त्यांच्याशी पुन्हा सोयरीक करून नात्याची दोरी दुहेरी करू नये, ती दुसऱ्या घरापर्यंत पोचवावी. तथापि अनुभवाचा आवाजही अगदीच मुका नव्हता. बीड या इंग्रज इतिहासकाराने ७३१ साली पुऱ्या केलेल्या ग्रंथात पोप ग्रेगरीच्या नावावर जी उत्तरे दिली आहेत, त्यांत अशा विवाहांची संतती वाढीस लागत नाही असा अनुभव नमूद आहे.

आता हा नियम राजांच्या हाती कसा पडला ते पाहू. फ्रान्सचा राजा दुसरा रॉबर्ट याने दहाव्या शतकाच्या अखेरीस बर्था हिच्याशी विवाह केला. रॉबर्टची आजी व बर्थाच्या आईची आई या सख्ख्या बहिणी होत्या. म्हणजे दोघांचा समान पूर्वज तिसऱ्या पिढीत होता. पोप पाचव्या ग्रेगरीने बहिष्काराचे शस्त्र उपसले, आणि काही वर्षांनी राजाला बर्थेस सोडावे लागले. येथे नियम राजाहून प्रबळ ठरला. पण बर्थेपासून राजाला मूल नव्हते, आणि गादीस वारस हवा होता. तेव्हा राजाच्या शरणागतीत धर्मभय किती व वारसाची चिंता किती, हे वाचकांनीच ठरवावे.

दीड शतकाने हाच नियम उलट्या कामी आला. सातवा लुई व ॲक्विटेनची एलिनॉर यांचा विवाह ११३७ साली झाला. लुई हा वर सांगितलेल्या रॉबर्टचा चौथ्या पिढीतील वंशज, तर एलिनॉर पाचव्या. हे नाते विवाहाच्या वेळीही होतेच. त्या वेळी कोणी ब्र काढला नाही. पुढे नवराबायकोंत वितुष्ट आले, तेव्हा पोप तिसऱ्या युजीनने ११४९ साली दोघांची समजूत घातली व या नात्याचा विषय पुन्हा काढू नये असे बजावले. परंतु दोन मुलीच झाल्या, मुलगा झाला नाही, आणि ११५२ च्या मार्चात बोझांसी येथे धर्माधिकाऱ्यांची सभा भरून पंधरा वर्षांचा संसार नात्याच्या कारणाने रद्द ठरला. दोन महिने होतात न होतात तोच एलिनॉरने आंजूच्या हेन्रीशी विवाह केला. हेन्री हा नात्याच्या मोजणीत लुईहून दूरचा मुळीच नव्हता! पण आता मोजणी करणारा कोणी नव्हता. हेन्री ११५४ साली इंग्लंडचा राजा झाला, ॲक्विटेनचा विस्तीर्ण प्रांत त्याच्या घरात गेला, आणि जिला मुलगा होत नाही म्हणून सोडले तिला त्याच्यापासून पाच मुलगे झाले.

लुईचा मुलगा फिलिप ऑगस्टस याने तर कमाल केली. डेन्मार्कची राजकन्या इंगेबोर्ग हिच्याशी १४ ऑगस्ट ११९३ रोजी त्याने विवाह केला आणि दुसऱ्याच दिवशी तिला टाकले. तिसऱ्या महिन्यात त्याच्या मर्जीतील धर्माधिकाऱ्यांनी एक वंशावळ पुढे केली. इंगेबोर्ग ही राजाच्या पहिल्या पत्नीची नातलग लागते असे तीत दाखविले होते. ती वंशावळ खोटी होती. परक्या देशात, फ्रेंच भाषेचा गंध नसलेली ती तरुण राणी एवढेच म्हणत राहिली की माझा न्याय रोमने करावा. पोप तिसऱ्या इनोसंटने १२०० साली फ्रान्सभर धर्मकृत्ये बंद पाडली, तरी तिला राणीचे स्थान परत मिळण्यास १२१३ साल उजाडले. तिची तारुण्याची वीस वर्षे मठांत व किल्ल्यांत गेली. नियमाचा अर्थ लावणारे राजाच्या पंक्तीस बसणारे असले म्हणजे नियम कोणाच्या गळ्यास लागतो, हे या उदाहरणावरून उघड होते. त्याच इनोसंटने १२१५ च्या लॅटरन धर्मसभेत बंदी सातव्या पायरीवरून चौथ्या पायरीवर आणली. अशक्य नियमामुळे त्यास फाटे फोडण्याचीच बुद्धी होते, हे त्या चतुर पोपाने ओळखले असावे.

एवंच, खेळात ज्या काळाचे चित्र काढले आहे त्या काळी, म्हणजे १४५३ पर्यंत, युरोपीय राजांचा मुख्य दोष अतिनिकट विवाह हा नव्हता. नात्याचे निमित्त करून विवाह मोडणे हा होता. दुर्बळ वारसांची जी भीती खेळात दाखविली आहे तिचा खरा नमुना पुढील दोन शतकांत सापडतो. मोडण्याचे साधन बंदी होते, तसे जोडण्याचे साधन सूट हे झाले. ज्या पोपाच्या हाती बंदी होती त्याच्याच हाती तीतून मोकळीक देण्याचाही अधिकार होता. कास्तीलची इसाबेला व आरागॉनचा फर्डिनंड यांचे पणजोबा एकच; त्यांच्या १४६९ च्या विवाहात जे सूटपत्र वाचून दाखविले ते पाच वर्षांपूर्वी वारलेल्या पोपाच्या नावाने बनविलेले होते. खरे पत्र १४७१ साली आले. स्पेनच्या एकीकरणाचा मुहूर्त असा बनावट कागदावर साधला गेला!

या दांपत्याच्या मुलींच्या द्वारे हॅप्सबुर्ग घराणे स्पेनच्या गादीवर आले, आणि येथून पुढे आमच्या विषयाचा गाभा आहे. पोर्तुगालचा राजा मानुएल याने प्रथम इसाबेलेची एक मुलगी केली, ती वारल्यावर तिची धाकटी बहीण केली, आणि तीही वारल्यावर त्या दोघींची भाची केली. पुढच्या पिढीत ज्यास आपण साटेलोटे म्हणतो तो प्रकार झाला. सम्राट पाचव्या चार्ल्सची बहीण कॅथरीन १५२५ साली पोर्तुगालच्या तिसऱ्या जॉनास दिली, आणि जॉनाची बहीण इसाबेल १५२६ साली चार्ल्सने केली. चार्ल्स व इसाबेल ही सख्खी मावस भावंडे. या दोन जोडप्यांच्या मुलांची पुन्हा आपसांत दोन लग्ने झाली. चार्ल्सचा मुलगा दुसरा फिलिप याने १५४३ साली जी मारिया केली ती त्याची एकाच वेळी आतेबहीण व मामेबहीण होती. फिलिपची बहीण जोआना हिचे लग्न मारियेच्या भावाशी झाले. त्यांचेही नाते तेच. सामान्य मनुष्यास आठ पणजोबा-पणज्या असतात. या दोन विवाहांच्या मुलांस चारच होत्या, आणि त्याही मागच्या पिढीत सोळांच्या ठिकाणी सहाच माणसे भरतात.

या दोन विवाहांतून दोनच मुलगे जगले. एक फिलिपचा डॉन कार्लोस. त्याचे वर्तन इतके विक्षिप्त झाले की १५६८ च्या जानेवारीत बापाने त्यास कोंडून ठेवले आणि सहा महिन्यांनी तो कोठडीतच मेला. दुसरा पोर्तुगालचा सेबास्टियन. बाप वारल्यानंतर तो १५५४ साली जन्मला, तिसऱ्या वर्षी राजा झाला, त्याने विवाह केला नाही, आणि ४ ऑगस्ट १५७८ रोजी मोरोक्कोत अल्कासर किबीरच्या रणांगणावर चोविसाव्या वर्षी पडला. त्याच्यामागे एक वृद्ध धर्मगुरू चुलतआजोबा तेवढा उरला. तो १५८० साली वारला आणि मातृपक्षाच्या हक्काने, अर्थात सैन्याच्या बळासह, दुसरा फिलिप पोर्तुगालचा राजा झाला.

ही कथा दूरची खरी, पण तिची झळ आमच्या किनाऱ्यास लागली आहे. १५८१ पासून १६४० पर्यंत गोवे, वसई, चौल, दमण या सर्व ठिकाणी जो राजा होता तो माद्रिदमध्ये बसणारा स्पेनचा राजा होता. स्पेनविरुद्ध बंड करून उठलेले डच आता पोर्तुगालचेही शत्रू झाले, त्यांनी १६०२ साली आपली कंपनी स्थापून पूर्वसमुद्रात पोर्तुगीजांचा पाठलाग आरंभिला, आणि पुढे मलाक्का, सिंहलद्वीप, कोची ही स्थळे एकामागून एक घेतली. स्पेनपासून फुटल्यावर स्पेन व डच या दोघांविरुद्ध आसरा हवा म्हणून पोर्तुगालने १६६१ च्या विवाहकरारात राजकन्या कॅथरीन हिच्याबरोबर मुंबई बेट इंग्लंडच्या राजास आंदण दिले. मुंबईच्या इतिहासाचा एक धागा असा सेबास्टियनच्या घरातील साटेलोट्यापर्यंत जाऊन पोचतो.

इकडे स्पेनमध्ये वारसाची ओढाताण चालूच होती. फिलिपने १५७० साली चौथे लग्न केले ते सख्ख्या बहिणीच्या मुलीशी. पोप पाचवा पायस नाखूष होता, पण शेवटी त्याने सूट दिली. तुर्कांशी युद्ध आणि प्रॉटेस्टंटांशी वैर चालू असता कॅथॉलिक जगातील सर्वांत प्रबळ राजास नाही म्हणणे रोमला परवडणारे नव्हते. या विवाहाचा मुलगा तिसरा फिलिप. त्याने जी बायको केली ती त्याच्या आईची चुलत बहीण, म्हणजे नात्याने मावशी. त्यांचा मुलगा चौथा फिलिप. त्याचा एकुलता मुलगा बाल्तासार कार्लोस याचा वाङ्निश्चय ऑस्ट्रियातील आतेबहीण मारियाना हिच्याशी झाला होता. तो मुलगा १६४६ साली वारला. तेव्हा जी सून म्हणून यावयाची तीच १६४९ साली सासऱ्याची पत्नी झाली. राजा चव्वेचाळीस वर्षांचा, वधू चौदा वर्षांची, आणि नाते मामा-भाचीचे.

या विवाहाला पाच मुले झाली. एक मुलगी काही आठवड्यांत गेली, एक मुलगा वर्षाच्या आत गेला. फिलिप प्रॉस्पेरो नावाच्या मुलाचे वेलास्केझने १६५९ साली काढलेले चित्र व्हिएन्नात आहे. फिकट चेहऱ्याचे दोन वर्षांचे ते पोर, आणि त्याच्या झग्यावर लोंबणारे ताईत व घुंगरू पाहिले म्हणजे आपल्याकडील आयांच्या दृष्टमण्यांची आठवण होते. जगातील सर्वांत श्रीमंत गणल्या जाणाऱ्या राजवाड्याजवळ त्या मुलाच्या रक्षणासाठी ताइताखेरीज दुसरे काही नव्हते. १ नोव्हेंबर १६६१ रोजी तो वारला, आणि पाच दिवसांनी दुसरा चार्ल्स जन्मला.

या चार्ल्सची कहाणी सर्वश्रुत आहे. तो उशिरा बोलू लागला, त्याहून उशिरा चालू लागला. जबडा एवढा पुढे आलेला की अन्न चावणे कठीण जाई. दोन विवाह करूनही त्यास मूल झाले नाही. त्यावर कोणी करणी केली आहे अशी समजूत होऊन मंत्रतंत्रही झाले. तो जिवंत असतानाच १६९८ व १७०० साली परक्या राजांनी त्याच्या राज्याच्या वाटण्यांचे तह केले. १ नोव्हेंबर १७०० रोजी तो मरण पावला, आणि त्याच्या गादीसाठी युरोपात पेटलेले युद्ध १७१४ पर्यंत विझले नाही. जे राज्य घराबाहेर जाऊ नये म्हणून दीडशे वर्षे भाच्या व मामेबहिणी वेचून आणल्या, ते शेवटी फ्रान्सच्या बूर्बों घराण्यात गेले.

आधुनिक संशोधनाने या कहाणीस आकड्यांची जोड दिली आहे. मूल आईकडून व बापाकडून जी आनुवंशिक द्रव्ये घेते ती दोन्ही एकाच पूर्वजाकडून आलेली असण्याचा संभव किती, याचे एक परिमाण असते. सख्ख्या चुलत-मामे भावंडांच्या मुलात ते सोळांशाने, म्हणजे ०.०६२५ येते, मामा-भाचीच्या मुलात ०.१२५, आणि सख्ख्या बहीणभावांच्या संततीत ०.२५. स्पॅनिश संशोधकांनी २००९ साली तीन हजारांहून अधिक नातलगांची वंशावळ मांडून दुसऱ्या चार्ल्सचे परिमाण काढले ते ०.२५४ भरले! वंशाच्या संस्थापकाचे ते ०.०२५ होते. या घराण्यातील अकरा विवाहांपैकी नऊ आप्तांतील होते. १५२७ ते १६६१ या काळात जन्मलेल्या चौतीस राजबालकांपैकी दहा वर्षाच्या आत गेली आणि सतरा दहाव्या वर्षापूर्वी. त्या काळच्या स्पॅनिश खेड्यांत वर्षाच्या आत मरणारी मुले शेकडा वीसच्या आसपास होती. राजवाड्यात ती शेकडा एकोणतीस होती. दाया, वैद्य, दूध, ऊब यांची जेथे वाण नव्हती तेथे मुले अधिक मरत होती.

परंतु येथे एक सावधगिरी घेतली पाहिजे. चार्ल्सची सख्खी बहीण मार्गारिता हिचे परिमाण तंतोतंत तेवढेच, कारण आईबाप तेच. वेलास्केझच्या १६५६ च्या जगप्रसिद्ध चित्रात मध्यभागी जी पाच वर्षांची टवटवीत मुलगी उभी आहे ती हीच. तिला काही व्यंग नव्हते. आनुवंशिक दोष हा फाशासारखा असतो. रक्त जवळ आले म्हणजे वाईट दान पडण्याचा संभव वाढतो, पण ते पडेलच असे नाही. ही गोष्ट खेळकर्त्यांनी बरोबर साधली आहे. चार्ल्सच्या कारकीर्दीत चलनाची सुधारणा झाली व राज्याची घडी काहीशी बसली, हेही विसरता कामा नये. मार्गारितेचे दुर्दैव वेगळे: तिला १६६६ साली सख्ख्या मामास, सम्राट लिओपोल्डास, दिली, सहा वर्षांत चार मुले झाली, एकच मुलगी जगली, आणि एकविसाव्या वर्षी ती वारली.

आता कोणी म्हणेल की मामेबहिणीशी विवाह तर आमच्या दक्षिणेत धर्मसूत्रांच्या काळापासून रूढ आहे. बौधायनाने तो दाक्षिणात्यांचा आचार म्हणून सांगितला आहे. मग आमच्या राजकुलांचे असे का झाले नाही? प्रश्न रास्त आहे. राष्ट्रकूटांच्या ताम्रपटांवरून दिसते की दुसऱ्या कृष्णाने त्रिपुरीच्या कलचुरी कोक्कल्लाची कन्या केली, त्याचा पुत्र जगत्तुंग याने कोक्कल्लाच्या पुत्राची कन्या लक्ष्मी केली, आणि लक्ष्मीचा पुत्र तिसरा इंद्र याची राणी विजांबा ही कोक्कल्लाचीच पणती. तीन पिढ्या एकाच घरातून मुली आल्या; तरी तिसरा इंद्र कनोजपर्यंत धडक मारून आला. फरक असा की आमच्या आचारात चुलत व मावस भावंडे कडेकोट वर्ज्य होती, राजांस अनेक राण्या असत, आणि कुळाचे दार सर्व बाजूंनी बंद झालेले नव्हते. हॅप्सबुर्गांस धर्म एक, दर्जा एक आणि पत्नी एक हवी. अशा अटींत बसणारी घरे शेवटी दोन उरली, माद्रिद व व्हिएन्ना, आणि तीही एकाच वंशाची. एकेक लग्न घातक नव्हते. त्यांची रास घातक झाली. तथापि यावरून आपल्या आचारास निर्दोष ठरवू नये. १९५५ च्या हिंदू विवाह कायद्याने सापिंड्याची मर्यादा पित्याकडून पाच व मातेकडून तीन पिढ्यांवर आणली आणि रूढीस अपवाद ठेवला. त्या अपवादाचा उपयोग पिढ्यान्‌पिढ्या त्याच दोन घरांत करणाऱ्या कुटुंबांनी वरील गणित एकदा मांडून पाहावे हे बरे.

आरंभीच्या प्रश्नाचे उत्तर आता देता येईल. युरोपात नियम नव्हता असे नाही. हवा त्याहून कडक नियम होता. पण तो मोडण्याची मुभा देणारा व ती मागणारा या दोघांचा स्वार्थ एकमेकांत गुंतलेला होता. बलिष्ठास सूट मिळत गेली, इंगेबोर्गसारख्या असहाय स्त्रीवर तोच नियम चालविला गेला, आणि ज्यांच्या देहावर या सुटीचे परिणाम उमटावयाचे त्या चौदा वर्षांच्या मुलींस व न जन्मलेल्या मुलांस कोणी काही विचारले नाही. खेळात अशी मुले नष्ट झाली तर डाव पुन्हा मांडता येतो. माद्रिदच्या राजवाड्यात ती सोय नव्हती. तेथे प्रत्येक चुकीच्या दानाला एक नाव होते, आणि त्यांतील निम्मी नावे दहा वर्षांच्या आत थडग्यावर कोरली गेली.